निळं माकड आणि राबिनालचा ढोल

गेल्या डिसेंबरात भाची गोव्यात चार दिवसांचं एक शिबिर करून परतली. येताना थाळीएवढा एक डफ, कोकोची कडू वडी आणि एक नवी ओळख घेऊन आली. ती आता 'निळं माकड' होती. शिबिरातल्या बाईंनी तिच्या जन्मतारखेवरून ते काढून दिलं होतं, म्हणे मायन पंचांगाप्रमाणे. डोळे मिटून आडवं व्हायचं, डफाचे एकसुरी ठोके ऐकायचे आणि मनानं पाताळात उतरून यायचं, हीही म्हणे मायन साधनाच. रात्री जेवताना तिचा भाऊ तिच्यावर तुटून पडला. हे कल्चरल अप्रोप्रिएशन आहे, म्हणजे दुसऱ्याची संस्कृती परस्पर उचलणं, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची गोष्ट माया लोकांनीच करावी, पुण्याच्या मुलीनं त्यात नाक खुपसू नये, असा त्याचा सूर. तिचंही उत्तर तयार होतं. आवाजाला पासपोर्ट लागत नाही. आणि तुझ्या न्यायानं गोऱ्यांनी योगासनंही करू नयेत का? आमटी गार झाली. तासभर दोघं बोलत होती आणि एकानंही दुसऱ्याचं एक वाक्य धड ऐकलं नाही. 'मामा, तू सांग,' असं शेवटी दोघांनीही म्हटलं. मी तेव्हा पानावरून उठलो. हे उशिरा दिलेलं उत्तर.

माझ्या मते दोघंही चुकीच्या खांबाला टेकून भांडत होती. ढोल कुणाच्या रक्ताचा, हा प्रश्न माया परंपरेतला नाही. आणि आवाज सगळ्यांचाच असतो, हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्या परंपरेत ढोल वाजवणं काय किंवा दिवस मोजणं काय, दोन्ही गोष्टी माणसाच्या खांद्यावर ओझ्यासारख्या ठेवल्या जातात. स्पॅनिशमध्ये गावच्या अशा जबाबदारीला शब्दच 'कार्गो' आहे, म्हणजे वाहायचं ओझं. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द 'मान'. जत्रेत पालखीच्या खांद्याचा मान, काठीचा मान, संबळ वाजवायचा मान. मानकरी मुंबईत नोकरीला असला तरी त्या दिवशी रजा टाकून, पदरचे पैसे मोडून त्याला गावी हजर व्हावं लागतं. नाही आला तर चार लोक विचारतात. तेव्हा विचारायचं ते एवढंच: वाजवणारा कुणाला बांधील आहे? उद्या तो चुकला तर त्याला जाब विचारणारं कुणी आहे का? ज्याला ते ओझं उचलायचंय त्याला, माझ्या वाचनाप्रमाणे, माया गुरूंनी दार बंद केलेलं नाही. ज्याला ओझं नको, फक्त नाव हवंय, त्यानं ते नाव वापरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण त्याआधी हा ढोल म्हणजे नेमका कुठला, ते पाहायला हवं. वादात दोन्ही बाजू त्यावर काहीच बोलल्या नव्हत्या. मायांचे जुने ढोल मुख्यतः दोन. एक आडवा: लाकडाचा पोकळ ओंडका, त्याला वरून इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराची खाच, त्यामुळे लाकडाच्या दोन जिभा सुटतात आणि दोन वेगळे सूर निघतात. टोकाला रबर गुंडाळलेल्या काठ्यांनी तो वाजवतात. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात त्याला तुनकुल म्हणतात, ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात तुन. कातडं त्याला नाहीच. दुसरा उभा, उंच, कातड्यानं मढवलेला, हातांनी वाजवायचा; तो पाश. मायांच्या वर्षगणनेतल्या एका महिन्याचं नावही पाश आहे. मेक्सिकोच्या चियापास राज्यात बोनाम्पाकला इसवी सन ७९०च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. त्यांतल्या पहिल्या दालनात वादकांची अख्खी रांग रंगवली आहे: खुळखुळे, उंच पाश, हरणाच्या शिंगानं वाजवायच्या कासवाच्या पाठी, लांबलचक कर्णे. (ही चित्रं १९४६ साली 'सापडली' असं आपण वाचतो. आसपासच्या लाकांदोन माया लोकांना ती कधी हरवलीच नव्हती.) या रांगेत एका हातात धरून दुसऱ्या हातानं बडवायचा गोल डफ कुठे दिसत नाही. तो सायबेरियातला आणि उत्तर युरोपातल्या सामी लोकांचा. 'शमन' हा शब्दही तिकडचाच, एवेंकी लोकांच्या तुंगूस कुळातल्या भाषेतून आलेला. मायकेल हार्नर नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९८०च्या आसपास जगभरच्या निरनिराळ्या परंपरांतून गाळून 'कोअर शमनिझम' नावाची एक पद्धत बनवली. डफावर सेकंदाला चार ते सात ठोके आणि डोळे मिटून प्रवास, ही तिची खूण. आज जगभर शिबिरांत जे चालतं ते बहुतेक या पद्धतीचं बाळ. त्यानं कुणाला बरं वाटत असेल तर वाटो, माझी तक्रार नाही. पण त्याला मायन म्हणणं म्हणजे कथकलीला लावणी म्हणण्यासारखं आहे.

अध्यात्माच्या शिकवणीचं तर याहून वाईट झालंय. ग्वातेमालाच्या किचे माया लोकांत जो आध्यात्मिक वाटाड्या असतो त्याला किंवा तिला 'अहकीह' म्हणतात. 'कीह' म्हणजे दिवस, सूर्य, काळ. अहकीह म्हणजे दिवसांचा माणूस, दिवसांची राखण करणारा. त्याचं मुख्य हत्यार ढोल नव्हे, मोजणी. वीस दिवसनामं आणि एक ते तेरा आकडे एकमेकांत फिरवत दोनशे साठ दिवसांचं एक चक्र होतं. त्याला चोलकीह म्हणतात. स्पॅनिश आक्रमण झालं, देवळं पडली, राजे गेले, पण डोंगरातल्या गावांत ही मोजणी चालू राहिली. अहकीहकडे माणूस अडचण घेऊन येतो: मूल आजारी आहे, जमिनीचा तंटा आहे, लग्न ठरवायचंय. तो त्सितेच्या झाडाच्या लाल बिया पसरतो, त्यांचे गट पाडतो आणि दिवस मोजत जातो. मोजताना त्याच्या अंगात ठिकठिकाणी रक्त उडतं, वीज चमकावी तसं. कुठे उडालं त्यावरून तो उत्तर वाचतो. म्हणजे हा पाताळात गेलेला, भान हरपलेला माणूस नव्हे. समोरच्याचं दुखणं ऐकत, हिशेब करत, पूर्ण जागा असलेला माणूस. आपल्याकडच्या तुलनेत तो अंगात येणाऱ्या भगतापेक्षा पंचांग मांडून बसलेल्या ग्रामजोशाला जवळचा, पण नाडी बघणारा ग्रामजोशी. होमात कोपाळ नावाचा धूप, मेणबत्त्या, साखर, चॉकलेट आगीत वाहतात आणि वीसही दिवसांना नावानं हाका मारतात. तिथे वाद्य असेल किंवा नसेल. मोजणी मात्र हवीच.

आता निळ्या माकडाकडे येऊ. भाचीच्या बाईंनी जे पंचांग वापरलं ते डोंगरातल्या अहकीहचं नव्हतं. होसे आर्ग्वेयेस हा अमेरिकेतला लेखक. १९८७च्या ऑगस्टमध्ये जगभर एकाच वेळी ध्यान करायची टूम त्यानंच काढली होती. त्यानं पुढे 'ड्रीमस्पेल' नावाची स्वतःची गणना रचली. नावं युकातानच्या मायांची, रंग आणि गुणधर्म बरेचसे त्याच्या मनचे. आणि एक गंमत: या गणनेत २९ फेब्रुवारी मोजतच नाहीत. म्हणजे दर लीप वर्षाला ती किचे गणनेपासून एक दिवस सरकते. ग्वातेमालातल्या मोमोस्तेनांगो या किचे गावच्या अहकीहनं भाचीचा जन्मदिवस मोजला तर माकड बाजूलाच राहील, भलतंच काही निघेल. 'मग काय झालं, प्रतीक तर आहे ना?' असं तिनं मला नंतर विचारलं. दोन दिवस चुकीच्या तिथीला एकादशी धरली तर घरात केवढा गदारोळ होतो ते आठव, असं मी म्हटलं. ज्या समाजानं पाचशे वर्षं छळ सोसून एकही दिवस मोजायचा चुकवला नाही, त्याच्या नावानं चार वर्षांतून एक दिवस गाळायचा, याला प्रतीक म्हणत नाहीत.

ढोलाचं काम काय असतं ते पाहायचं तर राबिनालला जायला हवं. ग्वातेमालाच्या बाहा वेरापास भागातलं हे आची माया लोकांचं गाव. दर जानेवारीत, संत पॉलच्या सणाला, २५ तारखेच्या सुमारास, तिथे 'राबिनाल आची' नावाचं नृत्यनाट्य होतं. त्याचं जुनं नाव तुनचा नाच. साथीला एक लाकडी तुन आणि दोन कर्णे, बस. गोष्ट अशी: राबिनालचा योद्धा किचेंच्या योद्ध्याला पकडतो. त्याच्यावर खटला चालतो. मरण ठरलेलंच आहे. मरण्याआधी तो मागण्या करतो: इथलं पेय चाखू द्या, राजकन्येबरोबर नाचू द्या, आणि आपल्या डोंगरदऱ्यांचा निरोप घ्यायला तेरा वेळा वीस दिवस आणि तेरा वेळा वीस रात्री द्या. म्हणजे तेच दोनशे साठ दिवस, ढोलातही मोजणी. मग त्याचा बळी जातो. या नाट्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे संवादांची रीत. उत्तर देण्याआधी पात्र समोरच्याचे शब्द स्वतःच्या तोंडानं पुन्हा म्हणतं, 'तू असं असं म्हणालास', आणि मगच आपलं बोलतं. ज्याचा गळा कापायचाय त्याचंही आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर हा नियम असता तर आमटी गार झाली नसती.

हा प्रयोग उठला आणि केला असा होत नाही. नाचणाऱ्यांनी आधी व्रत पाळायचं, डोंगरांकडे आणि पूर्वजांकडे परवानगी मागायची, संतांच्या सेवेसाठी असलेल्या गावच्या मंडळांनी, म्हणजे कोफ्रादियांनी, सण अंगावर घ्यायचा. ढोल कुणाला 'शांत वाटावं' म्हणून वाजत नाही. हरलेल्या माणसाला आणि जिंकलेल्यालाही वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर उभं करण्यासाठी वाजतो. तो सार्वजनिक आठवणीचा ढोल आहे. शिबिरातला डफ खासगी विसरण्याचा.

आणि हे कुणाला बरोब्बर कळलं होतं, तर ज्यांनी तो बंद पाडायचा प्रयत्न केला त्यांना. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं मायांच्या मूर्ती आणि चित्रलिपीतल्या पोथ्या जाळल्या. माया लोकांना त्याचं फार दुःख झालं, असं लांदानंच नंतर लिहून ठेवलं. आज जगात अशा जुन्या पोथ्या उरल्यात फक्त चार. याच लांदानं मायांच्या वाद्यांचंही वर्णन केलंय: पोकळ लाकडाचा ढोल, रबराच्या टोकाची काठी, त्याचा जड, उदास आवाज, कासवाच्या पाठीवर तळव्यानं धरलेला ठेका. जाळणारा हात आणि लिहिणारा हात एकच! पुढे सतराव्या शतकात ग्वातेमालात चर्चच्या अधिकाऱ्यांनी तुनच्या नाचांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. कैद्याचा बळी दाखवणारा नाच म्हणजे जुन्या धर्माचा जागर, हे त्यांनी ओळखलं होतं. गोव्याच्या वाचकाला हे परकं वाटू नये. मानीच्या होळीआधी दोनच वर्षं, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशनचं न्यायपीठ बसलं होतं आणि १७३६च्या फर्मानात लग्नातल्या ओव्यांवरसुद्धा बंदी आली. ओवीला कोण घाबरतं? ज्याला ती काय करते हे कळतं, तोच. बंदी घालणाऱ्या पाद्र्याला ढोलाबद्दल जेवढा आदर होता, तेवढाही मला शिबिराच्या जाहिरातीत दिसत नाही. पाद्र्याला तो धोकादायक वाटला. जाहिरातीत तो 'रिलॅक्सिंग' आहे.

इथे भाचीचा सगळ्यात जोरदार मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही. शुद्ध परंपरा असं काही असतं तरी कुठे? ग्वातेमालाचं राष्ट्रीय वाद्य मारिंबा. ते मुळात आफ्रिकेचं, गुलामांबरोबर आलेलं. किचे भाषेत ढोलाला आणि मारिंबाला एकच शब्द चालतो, कोहोम. माया मिरवणुकांत ढोलाबरोबर जी चिरिमिया वाजते, ती सनईची बहीण, स्पॅनिश लोकांनी नेलेली आणि त्यांच्याकडे अरबांकडून आलेली. खुद्द राबिनालचा तुन एका ख्रिस्ती संताच्या सणाला वाजतो. मग आफ्रिकेचं चालतं, स्पेनचं चालतं, तर सायबेरियाच्या डफानंच काय घोडं मारलंय?

मुद्दा खरा आहे. भाच्याचा शुद्धतेचा बुरूज त्यानं ढासळतो आणि ढासळायलाच हवा. पण या मिश्रणांत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ती केली कुणी आणि किंमत कुणी मोजली? चाबूक आणि बंदी डोक्यावर असताना राबिनालच्या लोकांनी आपला नाच संत पॉलच्या पदरात बांधला, तो जगावा म्हणून. आपल्याकडे घुमटाचं तेच झालं. मातीचं हे वाद्य देवळातल्या आरतीलाही वाजतं आणि ख्रिस्ती घरातल्या मांडो गाण्यालाही. फादर स्टीफन्सनं मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापून निघालं. बाटलेल्या माणसाला पुराण ऐकल्यावाचून करमत नव्हतं, म्हणून ते रचावं लागलं, आणि त्या करमेनासं होण्यातूनच ओवी चर्चच्या दारातून आत गेली. ही मिश्रणं वापरणाऱ्यांनी स्वतःच्या अंगावर झेलली. गोव्याच्या शिबिरात मिश्रण करणाऱ्या बाईंनी काय झेललं? त्यांनी दोन परंपरांची नावं एका जाहिरातीत बसवली, कारण 'मायन' हा शब्द 'सायबेरियन'पेक्षा जास्त खपतो. कोकोचंही तसंच. माया लोकांना कोको पवित्र होता, त्याच्या बिया चलन म्हणून चालत, होमात आजही चॉकलेट वाहतात, हे सगळं खरं. पण वर्तुळात बसून कोको पिऊन 'हृदय उघडण्याचा' विधी ग्वातेमालातल्या आतित्लान तलावाकाठी परदेशी पाहुण्यांच्या वस्त्यांत गेल्या काही दशकांत घडला आणि तिथून गोव्याच्या आरंबोलला पोचला. वयानं तो माझ्या स्कूटरचा समवयस्क असावा.

दुसरा मुद्दा भाचीनं मांडला नाही, पण मांडायला हवा होता, म्हणून तिच्या वतीनं मीच मांडतो. १९७६ साली बार्बरा आणि डेनिस टेडलॉक या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जोडप्याला मोमोस्तेनांगोच्या आंद्रेस शिलोह या अहकीहनं शिष्य करून घेतलं आणि रीतसर दीक्षा दिली. परदेशी, धर्मानं भिन्न. माया रक्ताशिवाय हे ज्ञान मिळत नाही, हे तिथेच खोटं ठरलं. भाच्याकडे याला उत्तर नाही. पण भाचीच्या बाजूनंही हे उदाहरण पुढे केलं की तेच तिला अडचणीत आणतं. शिलोहनं त्यांना काय दिलं? चार दिवसांचं प्रमाणपत्र? ते दोघं काही महिने त्याच्यासमोर बसून दिवस मोजायला शिकले, स्वप्नं सांगत राहिले, अंगातली वीज ओळखायला शिकले. दीक्षा झाली ती मनाला येईल त्या रविवारी नव्हे, वाहशाकीब बात्सला, म्हणजे 'आठ माकड' या दिवशी, जो दोनशे साठ दिवसांत एकदाच येतो आणि ज्या दिवशी मोमोस्तेनांगोच्या डोंगरावर नव्या अहकीहांना उभं करतात. पुढे डेनिसनं किचेंच्या 'पोपोल वूह' या पुराणाचं भाषांतर केलं तेही शिलोहला शेजारी बसवून. परक्याला दार उघडलं ते गुरूनं, आपल्या पंचांगावर, आपल्या अटींवर. म्हणजे मी म्हणतो तेच झालं. अडसर रक्ताचा नव्हता, वेळेचा आणि बांधिलकीचा होता.

पैशाचं काय? अहकीहला लोक दक्षिणा देतातच. गरीब डोंगराळ गावातल्या माणसानं परदेशी पाहुण्याला होम करून चार पैसे मिळवले तर पुण्यात पंखा लावून बसलेल्या मी त्याला नाक मुरडावं का? मुळीच नाही. भाच्याच्या गटातली मंडळी इथे फार घसरतात. माया माणूस गरीब आणि शुद्ध राहावा, म्हणजे यांच्या प्रबंधाला बरं. माझा आक्षेप पैशाला नाही, पैसा वाहतो त्या दिशेला आहे. गोव्यातल्या शिबिराच्या फीपैकी एक रुपया तरी राबिनालच्या तुनला नवं लाकूड घ्यायला जातो का? आणि योगाचं म्हणाल, तर ती तुलना भाचीनं जरा विचार करून करावी. १९९५ साली जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते लढवलं आणि १९९७ साली रद्द करून घेतलं. आपण जिंकलो ते कशाच्या जोरावर? लेखी पुराव्याच्या. आपल्याकडे ग्रंथ होते, छापील निबंध होते. ज्यांचे ग्रंथ मानीच्या चौकात जळले, त्यांनी कुठला कागद पुढे करायचा? ग्वातेमालाच्या माया विणकर बायकांनी आपल्या नक्ष्यांची चोरी थांबावी म्हणून न्यायालयात धाव घेतली. २०१७ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानं संसदेला सामूहिक मालकीचा कायदा करायला सांगितलं. नक्षी निदान कापडावर दिसते, बोट ठेवून दाखवता येते. ठेका आणि दिवसाची हाक कशी दाखवणार?

'पण यात कुणाचं नुकसान काय होतं?' हा प्रश्न उरतो आणि तो सगळ्यात सोज्वळ चेहऱ्यानं विचारला जातो. ग्वातेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध चाललं. सत्यशोधन आयोगाच्या १९९९च्या अहवालानुसार दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ज्यांची पूर्ण ओळख पटली त्यांत ८३ टक्के माया होते. त्या राबिनालच्याच पंचक्रोशीत १९८२ साली रिओ नेग्रो आणि प्लान दे सांचेझच्या कत्तली झाल्या. १९९५ साली आदिवासींच्या ओळखीचा आणि हक्कांचा जो करार झाला त्यात माया अध्यात्माला मान्यता मिळाली; तरी जून २०२० मध्ये पेतेन प्रांतात दोमिंगो चोक या केक्ची माया वैदूला आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाला जादूटोण्याच्या आरोपावरून गावकऱ्यांनी जिवंत जाळलं. औषधी वनस्पतींवर तो लंडन आणि झुरिकच्या विद्यापीठांतल्या संशोधकांबरोबर काम करत होता. हे गोव्याच्या शिबिरामुळे झालं असं मी म्हणत नाही. तो आचरटपणा होईल. पण 'मायन' हा शब्द एका ठिकाणी सुगंधी मेणबत्तीसारखा विकला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच कामासाठी माणूस जळतो, तेव्हा विकणाऱ्यानं निदान त्या माणसाचं नाव तरी माहीत करून घ्यावं. भाचीला चार दिवसांत कुणी ते सांगितलं नाही. माया म्हणजे पिरॅमिडबरोबर नाहीशी झालेली रहस्यमय जात, अशीच तिची समजूत होती. २०१८च्या जनगणनेत ग्वातेमालाच्या लोकसंख्येत जवळजवळ ४२ टक्के लोकांनी स्वतःला माया म्हणवलंय, बावीस माया भाषा तिथे मान्यताप्राप्त आहेत. मेलेल्या परंपरेला वारस नसतो, म्हणून ती कुणीही उचलावी. नुकसान होतं ते इथे. जिवंत माणसाला आधी मेलेला ठरवावं लागतं.

भाच्याच्या बाजूलाही एक टोचणी लावून ठेवतो. 'पोपोल वूह' आपल्यापर्यंत पोचलं ते चिचिकास्तेनांगोच्या फ्रान्सिस्को शिमेनेस या डोमिनिकन पाद्र्यानं १७०१च्या सुमाराला किचे मजकूर उतरवून घेतला म्हणून. परक्यांनी हात लावू नये हा नियम तेव्हा असता, तर आज आपण वाद घालायलाही नसतो. शिवाय 'माया लोकांना हे आवडणार नाही' असं तो ठामपणे म्हणतो, तेव्हा कुठले माया? अहकीह? संतांची पालखी वाहणारे कॅथलिक माया? की होमाला सैतानाचं काम म्हणणारे इव्हँजेलिकल माया? त्यांच्यातही हा वाद पेटलेला आहे आणि तो त्यांचा आहे. परक्या देशात बसून कुणाच्या तरी वतीनं दुखावून घेणं हाही एक प्रकारे त्यांचा ढोल उचलणंच झालं.

त्या 'पोपोल वूह'मध्ये माकडांची एक गोष्ट आहे. भाचीला ती मी संक्रांतीला सांगितली. हुन बात्स आणि हुन चोवेन हे दोघे मोठे भाऊ. बासरीवाले, गवई, लेखक, कारागीर, पण धाकट्या जुळ्या भावांचा दुस्वास करणारे. जुळे त्यांना झाडावर चढवतात, झाड उंच उंच होत जातं, कमरेच्या लंगोट्यांच्या शेपट्या होतात आणि दोघांची माकडं होतात. आजी रडते. जुळे म्हणतात, आम्ही त्यांना परत बोलावतो, पण आजी, तू हसायचं नाहीस. मग ते बासरी आणि ढोल वाजवतात. माकडं खरंच नाचत येतात. त्यांचे चाळे बघून आजीला हसू फुटतं आणि ती पळून जातात. पुन्हा वाजवतात, पुन्हा येतात, पुन्हा आजी हसते. चौथ्यांदा वाजवल्यावर ती येतच नाहीत. पुढे गाणारे-वाजवणारे याच दोन माकडांची प्रार्थना करायचे, असं पोथी सांगते. आणि दिवस राखणाऱ्यांची दीक्षा होते तो दिवसही माकडाचाच, बात्स. 'म्हणजे माझं माकड अगदीच खोटं नव्हतं,' भाची म्हणाली. माकड खरंच आहे, मी म्हटलं, निळं कुणी केलं तेवढं विचार.

तिला ते पटलं असावं, कारण तिनं त्या बाईंना निरोप पाठवला. भांडायला नव्हे, मुलगी सभ्य आहे. शिबिर चालू ठेवा, डफ चालू ठेवा, फक्त पुढच्या जाहिरातीत 'मायन' काढून 'सायबेरियन धाटणीचा डफ आणि अमेरिकी पद्धतीचं ध्यान' असं लिहाल का, एवढंच विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. ते तिनं मला फोनवर वाचून दाखवलं आणि वाचता वाचता स्वतःच हसली.

'अगं, तसं लिहिलं तर येणार कोण?'